नातवाची काळजी बरोबर आहे, पण आधी आजोबांना स्कॅनला न्या

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आज उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुपारी धाब्यावरून, म्हणजे गच्चीवरून उतरताना तुमचा ९ वर्षांचा मुलगा जिन्याच्या खालच्या तीन-चार पायऱ्यांवरून गडगडला. त्याला धरायला गेलेले तुमचे सासरे, अण्णा, तेही त्याच्याबरोबर खाली आले. मुलगा लगेच रडला, बेशुद्ध झाला नाही. कपाळावर टेंगूळ आलंय, एकदा उलटी झाली, डोळ्याखाली निळं पडायला लागलंय. सीटी स्कॅन करायचा का, आणि शेजारच्या मावशी म्हणतात तसं त्याला रात्रभर जागं ठेवायचं का, हे तुम्ही विचारलंय. मुलाबद्दल तुम्ही सात-आठ ओळी लिहिल्यात. अण्णांबद्दल शेवटी एकच ओळ आहे: त्यांच्याही डोक्याला मागून आणि गालाला लागलंय, पण ते म्हणतात मला काही झालेलं नाही, वय ७२, आणि स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ राहायची गोळी चालू आहे.

मला काळजी वाटते ती त्या शेवटच्या ओळीची. उत्तर लांबणार आहे, म्हणून करायचं ते आधी सांगते. अण्णांना आज रात्रीच दवाखान्यात न्या, ते हिंडत-फिरत असले तरी. जिथे रात्री सीटी होतो आणि न्यूरोसर्जनला, म्हणजे मेंदूच्या सर्जनला बोलावता येतं अशाच ठिकाणी न्या, निघण्यापूर्वी फोन करून तेवढं विचारा. मुलालाही बरोबर घ्या, तिथे त्याचीही तपासणी होईल. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून त्याला बहुधा स्कॅन लागणार नाही. बाकीचं वाटेत वाचा.

मी सर्जन आहे. बडोद्यातच शिकले आणि गेली २७ वर्षं इथल्याच कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, डोक्याचे आणि चेहऱ्याचे मार बघत आले आहे. १४ आणि १५ जानेवारी हे आमचे वर्षातले सगळ्यात धावपळीचे दिवस. धाब्यावरून पडलेले, कठड्यावरून मागे गेलेले, पतंगाच्या दोरीने गाल कापलेले, पतंग पकडायला रस्त्यावर धावलेले. या सगळ्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे: डोक्याच्या माराचं निदान एका नजरेत होत नाही. पेशंट आत्ता कसा दिसतो याला अर्धीच किंमत आहे. तासाभरापूर्वी कसा होता आणि तासाभराने कसा आहे, ही उरलेली अर्धी. आणि ती अर्धी बहुतेक वेळा डॉक्टरांकडे नसते, घरच्यांकडे असते.

असं का, ते समजून घ्या. कवटी म्हणजे बंद डबा. मोठ्या माणसात आतली जागा साधारण दीड लिटरच्या आसपास, आणि त्यात मेंदू, मेंदूभोवतीचं पाणी आणि रक्त एवढंच ठासून भरलेलं. आत रक्तस्राव सुरू झाला की आधी ते पाणी आणि शिरांतलं रक्त डब्याबाहेर सरकतं आणि नव्या रक्ताला जागा करून देतं. तोवर माणूस बोलतो, चहा पितो, "काही झालं नाही" म्हणतो. सरकायला जागा उरली नाही की थोड्याशा रक्तानेही आतला दाब झपाट्याने चढतो आणि मग मेंदू दबायला लागतो. म्हणजे सुरुवातीचं बरं दिसणं खोटं नसतं, पण ते डब्यात उरलेल्या जागेवर चाललेलं असतं. ती जागा किती उरली आहे हे चेहऱ्याकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही.

कानाच्या वर आणि थोडं पुढे, कानशिलाजवळ, कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. तिथे हाड तडकून ती धमनी फाटली तर रक्त जोराने साठतं. अशा वेळी माणूस थोडा वेळ गडबडतो, मग स्वच्छ शुद्धीवर येतो, आणि काही वेळाने कोसळतो. मधला तो शुद्धीचा काळ सगळ्यांना फसवतो. आपलं गाव क्रिकेटचं, म्हणून भारताचे फलंदाज रमण लांबा तुमच्या घरात कुणाला तरी आठवतील. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात क्लबच्या सामन्यात ते हेल्मेट न घालता फलंदाजाच्या अगदी जवळ उभे होते. चेंडू डोक्याला लागला. ते उठले, चालत ड्रेसिंग रूमकडे गेले. नंतर शुद्ध हरपली आणि तीन दिवसांनी ते गेले. जे स्वतःच्या पायांनी चालत येतात त्यांच्याबद्दल मी जास्त सावध असते, ते यामुळे.

म्हाताऱ्या माणसांत गोष्ट वेगळी आणि जास्त लबाड असते. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो. मेंदूपासून बाहेरच्या आवरणापर्यंत जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणलेल्या राहतात आणि साध्या धक्क्यानेही फाटतात. रक्त धमनीतलं नसून शिरेतलं, म्हणून हळूहळू झिरपतं. आणि मेंदू आक्रसल्यामुळे डब्यात जागा जास्त, म्हणून लक्षणं उशिरा येतात. कधी काही तासांनी, कधी तीन-चार आठवड्यांनी. त्यात रक्त पातळ राहायची गोळी असेल तर झिरपणं लवकर थांबत नाही. अण्णांच्या बाबतीत हे तिन्ही एकत्र आहे: वय, डोक्याला थेट मार आणि गोळी.

गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. फक्त कमी डोसची अ‍ॅस्पिरिन असेल, पडल्याचं सगळं आठवत असेल, डोकं दुखत नसेल, तर काही डॉक्टर आधी नुसतं निरीक्षण करू असं म्हणतील आणि ते चूक नाही. ७२ व्या वर्षी मी तरीही स्कॅन करून घेते. क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर असेल, एकटी किंवा अ‍ॅस्पिरिनबरोबर, तर मी विचारही करत बसत नाही. वॉरफरिन, अपिक्साबान, रिव्हारोक्साबान यांपैकी काही असेल तर स्कॅन तर हवाच, शिवाय वॉरफरिनसाठी रक्ताची तपासणीही लगेच लागते. एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते, ती गोळी घाबरून आपल्या मनाने बंद करू नका. स्टेंट बंद पडला तर हृदयाचा झटका येतो. गोळी थांबवायची की नाही हे स्कॅन बघून, हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरतं. आजचा रात्रीचा डोस असेल तर तोही दवाखान्यात विचारूनच द्या.

सीटीची भीती बाळगू नका. डोक्याचा साधा सीटी काही मिनिटांत होतो, सहसा इंजेक्शनही लागत नाही. कवटीचा नुसता एक्स-रे काढून "फ्रॅक्चर नाही, घरी जा" असं कुणी सांगितलं तर त्यावर समाधान मानू नका. हाड न मोडताही आत रक्तस्राव होऊ शकतो आणि एक्स-रेमध्ये मेंदू दिसत नाही.

आता मुलाकडे येते. त्याच्या बाजूने असलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. उंची थोडी, पडल्यावर लगेच रडला, शुद्ध गेली नाही, तुम्हाला ओळखतो, आणि टीव्ही बघतोय. मुलांना डोक्याला लागल्यावर एखादी उलटी होणं अगदी सर्रास दिसतं, त्यात त्याने दुपारी उंधियू आणि जिलबी खाल्ली असणार. एकच उलटी आणि बाकी सगळं ठीक असेल तर मी मुलाला काही तास नजरेसमोर ठेवते, स्कॅन करत नाही. वाढत्या मेंदूला विनाकारण किरणं देऊ नयेत हे कारण खरं आहे आणि पालकांनीही त्याचा आग्रह धरू नये. पण उलट्या पुन्हा पुन्हा व्हायला लागल्या, डोकं जास्त जास्त दुखायला लागलं, किंवा तो चिडका, सुस्त, वेगळा वाटायला लागला, तर किरणांचा विचार बाजूला ठेवून स्कॅन करायचा. हेच मूल दोन वर्षांच्या आतलं असतं, आणि कपाळ सोडून बाजूला किंवा मागे मऊ, पिचपिचीत सूज असती, तर मी आत्ताच वेगळं बोलले असते. कपाळाचं टणक टेंगूळ त्यामानाने गरीब.

मुलाच्या डोळ्याची एक तपासणी मात्र आत्ताच करा. सूज वाढून पापण्या मिटल्या की ती नीट करता येत नाही, म्हणून घाई. डोकं स्थिर ठेवायला सांगा, तुमचं बोट वर, खाली, दोन्ही बाजूंना न्या, नुसत्या डोळ्यांनी बघायला लावा. दोन्ही डोळे बरोबर फिरतात का? वर बघताना एक डोळा अडकतो का, दोन बोटं दिसतात का, वर बघितलं की मळमळतं का? लहान मुलांची हाडं लवचीक असतात. डोळ्याखालचं पातळ हाड झडपेसारखं उघडून परत मिटतं आणि डोळा फिरवणारा स्नायू त्यात चिमटला जातो. बाहेरून डोळा कधीकधी पांढरा स्वच्छ दिसतो, पण मूल ओकतं, नाडी मंद होते, गळून पडतं. सगळे म्हणतात डोक्याचा मार आहे, सीटीत मेंदू ठीक दिसतो, म्हणून घरी पाठवतात, आणि तिकडे स्नायू मरत असतो. हे ऑपरेशन शक्य तितक्या लवकर, एक-दोन दिवसांत व्हायला हवं. डोळा अडकतोय असं वाटलं तर कॅज्युअल्टीत हे शब्द वापरूनच सांगा: वर बघताना डोळा अडकतो.

डोळ्याखालच्या निळेपणाबद्दलही तुम्ही घाबरला आहात. कपाळाच्या टेंगळातलं रक्त वजनाने खाली उतरतं, त्यामुळे उद्या-परवा त्याच्या दोन्ही पापण्या निळ्या-जांभळ्या झाल्या तर ते बहुतेक वेळा तेवढंच असतं. पण चेहऱ्याला मार न लागता, डोक्याला मागून लागल्यावर काही तासांत दोन्ही डोळ्यांभोवती काळी कडी उमटली तर कवटीच्या तळाचं हाड मोडल्याची शंका घ्यायची. अण्णांना मागून लागलंय, म्हणून हे त्यांच्याकडे बघताना लक्षात ठेवा. तसाच दुसरा डाग कानामागे उमटतो, तो बरेचदा दुसऱ्या दिवशी दिसतो. आणि नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं पातळ काही येतंय का, वाकल्यावर वाढतं का, घशात खारट लागतं का, हे विचारा. येत असेल तर कानात कापूस कोंबायचा नाही, नाक शिंकरायचं नाही, थेंब टाकायचे नाहीत. थंडीत नाक वाहतंय असं समजून असं पाणी चार-चार दिवस पुसत बसलेले पेशंट मी बघितले आहेत.

अण्णांच्या गालाचंही बोलून घेऊ, कारण "थोडं लागलंय" यात काय काय लपतं ते बाहेरून कळत नाही. सूज आली की मोडलेलं हाड झाकलं जातं. त्यांना विचारा, डोळ्याखाली, नाकाच्या बाजूला आणि वरच्या ओठाला बधिर वाटतं का? दोन्ही गालांना कापसाचा बोळा हलकेच लावून फरक विचारा. त्यांच्या मागे उभं राहून वरून खाली बघा, एक गाल दुसऱ्यापेक्षा चपटा दिसतो का. तोंड पूर्वीइतकं उघडतं का. गालाचं हाड आत बसलं की जबडा उघडताना अडतो. मग त्यांना दात मिटायला सांगा. जबड्याचं फ्रॅक्चर ओळखायला मला आजवर याहून चांगला प्रश्न सापडलेला नाही: "दात नेहमीसारखे बसतात का?" एक केसभर हललेला जबडाही माणसाला स्वतःला कळतो. कवळी असेल तर ती लावून विचारा, आणि कवळी तुटली असेल तर तुकडे मोजा, एखादा घशात गेला नाही ना ते बघायला. खालचा ओठ बधिर असेल तर तीही जबड्याचीच खूण.

मुलाच्या नाकात टॉर्च मारून बघा. मधल्या पडद्यावर दोन्ही बाजूंनी लाल-जांभळा फुगा दिसला आणि नाक चोंदलं असेल तर तो त्याच दिवशी फोडून घ्यावा लागतो. पडद्याची कूर्चा त्यात दबून काही दिवसांत मरते आणि नाक कायमचं बसतं. नाकाचं साधं फ्रॅक्चर मात्र थांबू शकतं. सूज उतरल्यावर, आठवड्याभरात बसवलं तरी चालतं.

चेहऱ्याच्या हाडांना सहसा घाई नसते. घाई असते श्वासाला, वाहत्या रक्ताला, मेंदूला आणि नजरेला, याच क्रमाने. म्हणून रक्ताळलेला चेहरा बघून लोक हादरतात आणि शेजारी शांत बसलेल्या म्हाताऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, तेव्हा मला फार वाईट वाटतं. डोक्याची कातडी खोक पडली की भसाभसा वाहते. स्वच्छ फडकं घट्ट दाबून दहा मिनिटं अजिबात न उचलता धरलं की बहुतेक वेळा थांबतं. त्यावर हळद, कॉफी, चुना काही लावू नका, आम्हाला ते टाके घालण्यापूर्वी खरवडून काढावं लागतं. हाताला हाड आत गेल्यासारखं लागलं तर मधे न दाबता कडेने दाबा. आणि टेंगळाला तेल चोळायचं नाही, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पुरे.

आता मावशींच्या सल्ल्याबद्दल. झोपल्याने मेंदूला काही अपाय होत नाही. झोप आणि बेशुद्धी यांत फरक कळणार नाही, ही त्यामागची जुनी भीती आहे आणि ती रास्त आहे. म्हणून तपासणी झाल्यावर मुलाला झोपू द्या, पण पहिली रात्र मी आईवडिलांना दर दोन तासांनी उठवायला सांगते. नुसतं हलवून कूस बदलली की झालं असं नाही. डोळे उघडले पाहिजेत, नाव सांगितलं पाहिजे, पाण्याचा घोट घेतला पाहिजे, दोन्ही हातांनी तुमचे हात सारखे दाबले पाहिजेत. वैतागला तर उत्तमच, वैतागणं हे शुद्धीचं लक्षण आहे. उठतच नसेल तर १०८ लावा, सकाळची वाट बघू नका.

आम्ही दवाखान्यात हेच जरा शिस्तीत करतो. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये एक मोजपट्टी दिली, तीच जगभर वापरतात. डोळे कशाने उघडतात याला ४ पर्यंत गुण, बोलणं कसं आहे याला ५ पर्यंत, हातापायांची हालचाल कशी आहे याला ६ पर्यंत. सगळं ठीक असेल तर १५, अगदी काहीच प्रतिसाद नसेल तर ३. आठ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर. पण मी नर्सना सांगते की मला आकडा एकटा सांगू नका, मागचा आकडा आणि वेळ त्याच्यासोबत सांगा. १४ वर स्थिर असलेल्यापेक्षा १५ वरून १३ वर आलेल्याची मला जास्त धास्ती वाटते.

यातल्या बोलण्याच्या गुणांची एक गंमत आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत येते. दांडिया बाजारातल्या एका आजींना मध्यरात्री आणलं होतं. बाहेरगावच्या तरुण डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, आजी मराठीत उत्तरं देत होत्या, आणि डॉक्टरांनी कागदावर "बोलणं असंबद्ध" असं लिहिलं. मी मराठीत विचारलं तर आजींनी वार, तिथी आणि सुनेचं माहेर सगळं बिनचूक सांगितलं. पूर्ण पाच गुण. दुसरी घटना याच्या उलटी. न्यायमंदिराजवळ दुकान असलेले एक गृहस्थ. दुकानाचं शटर डोक्याला लागलं, तेव्हा काहीच वाटलं नाही. तीन आठवड्यांनी मुलाच्या लक्षात आलं की वडील गिऱ्हाइकांशी मराठीत बोलताहेत. चाळीस वर्षं त्या गल्ल्यावर बसून गुजरातीखेरीज दुसरं बोलले नव्हते. शिवाय उजवी चप्पल पायातून निसटायला लागली होती. शेजारी म्हणाले वय झालं, असं होतंच. मुलाने ऐकलं नाही, घेऊन आला. स्कॅनमध्ये डाव्या बाजूला जुनं रक्त साठलेलं होतं. न्यूरोसर्जनने कवटीला छोटी भोकं पाडून ते काढलं, काळ्या ऑइलसारखं होतं. चौथ्या दिवशी ते नर्सशी गुजरातीत हुज्जत घालत होते. त्या मुलाला वैद्यकाची काहीही माहिती नव्हती, पण वडील रोज कसे असतात हे त्याला माहीत होतं.

म्हणून तुमच्याकडून मला एक काम हवंय. एक कागद घ्या, दोन रकाने करा, एक मुलाचा, एक अण्णांचा. दर तासाला वेळ घालून दोन-तीन शब्द लिहा. "बरे आहात ना?" असं विचारू नका, अण्णा "हो" म्हणतील आणि तुम्हाला काही कळणार नाही. पडण्यापूर्वी शेवटचं काय केलं ते विचारा. आज दुपारी जेवायला काय होतं, कुणाचा पतंग कापला, हे विचारा. काही वर्षांपूर्वी पोलो ग्राउंडवर चेंडू लागलेल्या एका कॉलेजच्या मुलाला त्याची बहीण घेऊन आली. तिच्या हातात वहीचं पान होतं: ६.१० नीट बोलतोय, ६.४० डोकं जास्त दुखतंय, ७.१५ तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, ७.३० उलटी. मी त्याला बघितलं तेव्हा तो बऱ्यापैकी बोलत होता, आणि त्या पानाशिवाय मी कदाचित आधी दुसऱ्या पेशंटकडे वळले असते. तो सरळ स्कॅनला गेला, त्याच रात्री ऑपरेशन झालं. कानशिलाजवळची ती धमनीच फाटली होती. आठवड्याने तो घरी गेला.

बाहुलीबद्दल लोक मला हमखास विचारतात: एका डोळ्याची बाहुली मोठी झाली का ते बघत राहू का? बघा, पण तिची वाट बघत बसू नका. ती मोठी होते तेव्हा मेंदू आधीच खाली दबलेला असतो, खूण उशिराची आहे. त्याआधी डोकेदुखी वाढते, गुंगी येते, बोलणं घसरतं, एक हात किंवा पाय जड होतो. शिवाय अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल तर त्यांच्या बाहुल्या आधीपासूनच सारख्या नसतील. तसं असेल तर कॅज्युअल्टीत सांगा, उगाच गोंधळ टळतो.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असलेल्या गोळ्या दोघांनाही नकोत, त्या रक्त गोठण्याच्या आड येतात. झोपेची गोळी तर अजिबात नको, अण्णा रोज घेत असले तरी आज नको. मान दुखत असेल किंवा हातापायाला मुंग्या येत असतील तर स्वतःच्या गाडीत वाकवून बसवू नका, स्कूटरवर दोघांच्या मधे तर नाहीच. १०८ बोलवा.

स्कॅन ठीक आला तर? तर आजची रात्र सोपी झाली, पण अण्णांचा कागद बंद करू नका. रोज एक ओळ पुढचा महिनाभर लिहा. चालणं, बोलणं, विसरणं, लघवीवरचा ताबा, जेवताना घास सांडणं. नवीन डोकेदुखी सुरू झाली किंवा काही बदलल्यासारखं वाटलं तर "मागचा स्कॅन नॉर्मल होता" हे कारण ऐकून परत येऊ नका, नवा स्कॅन मागा. मुलाला काही दिवस डोकं दुखणं, उजेड नकोसा होणं, चक्कर, अभ्यासात लक्ष न लागणं असं होऊ शकतं. मेंदू हादरलेला असतो आणि ते स्कॅनमध्ये दिसत नाही. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाईल कमी, मग हळूहळू शाळा, आणि खेळ सगळ्यात शेवटी, पूर्ण बरं वाटल्यावर. उद्या वासी उत्तरायण, म्हणजे पतंगांचा दुसरा दिवस आहे आणि तो धाब्यावर जायचा हट्ट धरणार हे मला माहीत आहे. नाही म्हणा. हादरलेल्या मेंदूला दुसरा धक्का फार महागात पडतो. खिडकीतून बघू दे, फिरकी धरायची असेल तर घरात धरू दे.

निघताना अण्णांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, स्टेंटचा कागद, त्यांचा चष्मा आणि कवळी एका पिशवीत घ्या. दोघांच्या पडण्याची वेळ कागदावर सगळ्यात वर लिहा. कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर पहिलं वाक्य मुलाबद्दल बोलू नका. म्हणा, "हे ७२ वर्षांचे आहेत, डोक्यावर पडलेत, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे." तेवढ्यावर आत घेतील. मग मुलाचं सांगा. आणि स्कॅनचं काय झालं ते इथे लिहा, कितीही वाजले असले तरी मी बघेन.